बारावीनंतरची सुट्टी आणि पुरुमेंताचे दिवस

गोव्यात एप्रिल-मे हे पुरुमेंताचे दिवस. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी म्हणून मिरच्या, सोले, सुकी मासळी घराघरांत भरून ठेवली जाते. नेमक्या याच दिवसांत बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा किंवा मुलगी घरात असते आणि तिच्या रिकामपणावरून घरात रोज एक तरी खटका उडतो. हे रिकामपण अलीकडे वाढलेही आहे. गोवा शालान्त मंडळाचा बारावीचा निकाल २०२३ साली मे महिन्यात लागला, २०२४ साली एप्रिलमध्ये आणि २०२५ साली तर मार्चअखेरीसच. पूर्वी निकालाच्या धास्तीत सरणारा काळ आता निकालानंतरची मोकळीक बनला आहे.

वैद्यकीय वा अन्य प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ही मोकळीक नसते; त्यांची सुट्टी परीक्षा संपल्यावरच सुरू होते आणि तीही जेमतेम महिनाभराची. बाकीच्यांपुढे मात्र दोन-अडीच महिने उभे असतात. शाळेत तास, गृहपाठ, शिकवणी हे सारे दुसऱ्याने आखून दिलेले असते. महाविद्यालयात दिवसाचा बराच भाग ज्याचा त्यानेच आखायचा असतो. ती सवय जूनमध्ये एकाएकी लागत नाही. म्हणून या सुट्टीत काय केले यापेक्षा ते स्वतः ठरवून केले की नाही, याला महत्त्व अधिक. पालकांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन वर्ग लावून दिले, तर सुट्टी भरते खरी, पण शाळाच पुढे चालू राहते.

काही कामे रुक्ष आहेत, पण ती आधी उरकावीत. आधार कार्ड, जन्मदाखला आणि गुणपत्रिका यांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी प्रवेशाच्या वा शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होते. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला लागणार असेल, तर जूनमध्ये मामलेदार कार्यालयात रांग लावण्यापेक्षा एप्रिल बरा. अठरा वर्षे पूर्ण होताच अल्पवयीनाच्या बँक खात्याचे स्वरूप बदलून घ्यावे लागते. मतदार यादीसाठीचा अर्ज सतराव्या वर्षानंतर आगाऊही भरता येतो.

दुचाकीचा विषय अधिक गंभीर आहे. ‘कॉलेज लांब आहे’ या सबबीवर परवान्याविना स्कूटर हाती देणारी घरे गोव्यात कमी नाहीत. कायद्याने सोळाव्या वर्षी चालवता येते ती केवळ ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात आणि त्यांना अठरा वर्षे लागतात. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला वा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत, त्याने सुट्टीच्या आरंभीच शिकाऊ परवाना काढावा. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. म्हणजे महाविद्यालय उघडण्यापूर्वी काम होते. जे अठराचे झालेले नाहीत, त्यांनी बसचे वेळापत्रक पाठ करावे.

पोहण्याचेही तसेच. मित्रांच्या घोळक्यासह नदीवर, धबधब्यावर वा पाण्याने भरलेल्या चिरेखाणीवर जाऊन बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांतील बहुतेक नावे याच वयातील असतात. कांपालसारख्या तरणतलावात प्रशिक्षकासमोर शिकलेला महिना आयुष्यभर पुरतो.

अभ्यासाच्या बाजूनेही थोडी पूर्वतयारी शहाणपणाची ठरते. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम सुरू झाले. मुख्य विषयाबरोबर दुय्यम आणि अन्य शाखेतील विषयही आता निवडावे लागतात. ही निवड अनेकदा मित्राने काय घेतले, यावर होते. त्याऐवजी मनात असलेल्या विषयाचा एखादा प्रास्ताविक पाठ केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकावा. मानसशास्त्रात संख्याशास्त्रही शिकावे लागते, हे मे महिन्यात कळलेले बरे.

वाचनाची गोष्ट गोव्यात थोडी वेगळी आहे. मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली मुले पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. मराठी घरात बोलली जाते, पण सलग दोनशे पानांचे मराठी पुस्तक वाचण्याची वेळ क्वचितच येते. इंग्रजीही पाठ्यपुस्तकापुरतीच राहते. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. तेथे वा आपल्या तालुक्याच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा जाऊन दोन्ही भाषांतील एकेक पुस्तक पूर्ण केले, तरी पुढची तीन वर्षे हलकी होतात.

वसतिगृहात जाणाऱ्याला भात, डाळ आणि कपडे धुणे आले पाहिजे, मुलगा असो वा मुलगी. एखाद्या दुकानात वा उपाहारगृहात महिनाभर नोकरी मिळाली तर उत्तमच. मात्र वेतन, कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी आधी ठरवून, शक्यतो लेखी घ्यावी.

या साऱ्यांत एक काम असे आहे, जे पुढच्या उन्हाळ्यावर टाकता येत नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा शाळेत जाणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. तिच्या आठवणी बहुतेक घरांत कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. आजीसमोर भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण सुरू करून अर्धा-अर्धा तास बसणे एवढेच यात करायचे असते. ‘तुझ्या लहानपणाबद्दल सांग’ असे विचारले तर दोन वाक्यांत उत्तर संपते. शाळेत पोर्तुगीज कोण शिकवीत असे, लग्नाचे सामान कोणत्या होडीतून आले, १९६७ च्या जनमत कौलात घरात मतभेद झाले का, १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळल्यावर पणजीला कसे येत, असे नेमके विचारले की आठवण आठवणीला ओढून आणते. प्रत्येक ध्वनिफितीला तारीख व नाव द्यावे आणि एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी.

सांगे तालुक्यातील कुर्डी गावाच्या मुलांना तर हे काम गावात उभे राहूनच करता येते. साळावली धरणामुळे १९८०च्या दशकात हे गाव पाण्याखाली गेले आणि शेकडो कुटुंबे वाडे व वालकिणी येथे वसली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हेच गाव. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते, घरांचे चौथरे, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि मे महिन्यात जुने रहिवासी तेथे जमतात. कोणत्या चौथऱ्यावर कोणाचे घर होते, हे बोट दाखवून सांगू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. आजोबांना घेऊन जायचे असेल, तर उन्हे चढण्यापूर्वी, पाणी व टोपी बरोबर ठेवून जावे. पाऊस सुरू झाला की वाट पुन्हा बंद होते.