आहारातील मेद आणि पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ

पुरःस्थ अर्थात प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा उतारवयात आढळणारा व बहुधा संथ गतीने वाढणारा रोग होय. मुंबईत १९६३ साली सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीत त्याचे प्रमाण अमेरिकेच्या तुलनेत बरेच कमी आढळते. तेथील व्यापक रक्ततपासणी हे यामागील एक कारण आहेच. तथापि आहाराकडेही अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. येथे रोग होणे आणि झालेला रोग वाढणे यांत भेद करणे अगत्याचे आहे. मेदासंबंधीचा पुरावा प्रामुख्याने दुसऱ्या बाबीचा आहे.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानवी अर्बुदपेशी टोचलेल्या उंदरांना सुमारे ४० टक्के ऊर्जा मेदातून, म्हणजे मक्याच्या तेलातून, देण्यात आली. गाठ तयार झाल्यावर काहींचा मेद २१ टक्क्यांवर वा त्याखाली आणला असता गाठींची वाढ मंदावली. कारणमीमांसा अशी : मक्याच्या वा सोयाबीनच्या तेलातील ओमेगा-६ मेदाम्लापासून शरीरात अॅराकिडोनिक आम्ल व त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार होते, ते पेशीविभाजनास चालना देते. ओमेगा-३ मेदाम्ले त्याच विकरांसाठी स्पर्धा करतात. प्राणिज मेदाची वाट निराळी दिसते. २०१८ साली डुकराच्या चरबीयुक्त आहाराने उंदरांतील एरवी न पसरणारे अर्बुद इतरत्र पसरल्याचे आढळले.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणूनच डिसेंबर २०२४ मधील अमेरिकी चाचणी महत्त्वाची ठरते. उपचाराविना केवळ देखरेखीखाली असलेल्या १०० रुग्णांपैकी ज्यांनी वर्षभर ओमेगा-६ कमी करून माशाचे तेल घेतले, त्यांच्यात पेशीविभाजनाचा निर्देशांक सुमारे १५ टक्क्यांनी घटला. इतरांत तो २४ टक्क्यांनी वाढला. अर्बुदाच्या श्रेणीत मात्र फरक पडला नाही.

फुलचूर परिसरासह गोंदियाच्या धानपट्ट्याला परिचित असलेले जवस येथे विचारात घ्यावे लागते. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे महिनाभर रोज ३० ग्रॅम जवस घेणाऱ्यांच्या अर्बुदपेशींचे विभाजन कमी आढळले. नुसत्या कमी मेदाच्या आहाराने तसे घडले नाही. उलटपक्षी, याच वनस्पतिज ओमेगा-३ चा संबंध काही निरीक्षणात्मक पाहण्यांनी वाढत्या धोक्याशी जोडला आहे. शिवाय शरीरात त्याचे माशातील ओमेगा-३ मध्ये रूपांतर अत्यल्प होते. कदाचित श्रेय मेदाचे नसून दाण्याच्या सालीतील लिग्नान या द्रव्याचे असावे. ते घाण्यातून निघणाऱ्या तेलात फारसे उतरत नाही. जवसाची चटणी व जवसाचे तेल यांना म्हणूनच एका मापाने मोजता येत नाही.