खालाजानच्या पायातल्या निळ्या शिरा

दावतीनंतर मोठी पातेली आवरताना खालाजानची सलवार जरा वर सरकली आणि आम्हाला तिची पोटरी दिसली. निळ्या, वेटोळ्या शिरा दोरीसारख्या उठलेल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि खाजवून सोललेली.

"खालाजान, हे कधीपासून?"

"तिसऱ्या बाळंतपणापासून, बेटा. पाय काय कोणाला दाखवायचे?"

जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत असे झाकलेले पाय किती घरांत असतील! भिवंडी-मालेगावच्या लूमवर उभ्याने पाळी करणाऱ्या पुरुषांचीही हीच गत. ते लाजत नाहीत, पण रोजी बुडेल म्हणून टाळतात.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते आणि शीर फुगते. घराण्यातला वारसा, बाळंतपणे, वजन, तासन्‌तास उभे राहणे ही त्याची कारणे. सुरुवातीला पाय जड होतात, संध्याकाळी सूज येते. दुर्लक्ष केले तर कातडी काळी पडते आणि पुढे घोट्यापाशी जखम होते, जी महिनोन्‌महिने भरत नाही. खालाजान त्या जखमेच्या उंबरठ्यावर होती.

हा आजार नवा नाही. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याजवळचे हकीम अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अल-तसरीफ' या ग्रंथात फुगलेली शीर कापून काढण्याची रीत लिहून ठेवली. शीर ओढून काढण्याचे ऑपरेशन विसाव्या शतकातही चालूच होते. लेझरने शीर आतून बंद करण्याची पद्धत १९९९ नंतर रूढ झाली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर २०१३ मध्ये उष्णतेने शीर बंद करण्यालाच पहिली पसंती दिली. त्यानंतर औषधी फेसाचे इंजेक्शन आणि शेवटी जुने ऑपरेशन.

सोनोग्राफीत पाहत गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवतात. शिरेभोवती भूल देणारे पाणी भरतात, म्हणजे आजूबाजूची कातडी भाजत नाही. मग लेझरच्या उष्णतेने शीर आकसून बंद होते. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच जात असल्याने तिची उणीव भासत नाही. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. काही दिवस काळे-निळे डाग आणि ओढ राहते. क्वचित बधिरपणा येतो, रक्ताची गुठळीही होऊ शकते. काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगू शकतात.

आमचे स्पष्ट मत आहे की डॉप्लर सोनोग्राफी न करता जो लेझरची तारीख देतो, तिथून उठून यावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांना बहुधा या लेझरची गरज नसते. खोल शिरेत गुठळी असेल तर वेगळा इलाज लागतो, आणि गरोदरपणात थांबणेच बरे. खर्चाची चिंता असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये आधी सर्जनला दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात; आपल्या कार्डावर कोणता इलाज बसतो हे त्यांना विचारा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा दम लागला, तर मात्र त्याच घडीला दवाखाना गाठा. फुगलेली शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय उंच करा, फडक्याने घट्ट दाबून धरा.

खालाजानला आम्ही एवढेच सांगितले की तपासायला बाई डॉक्टर मिळेल का, हे आधी विचारता येते. मिळाली. मग तिचा दुसरा सवाल, "घट्ट मोज्यावर वुजू कसा?" मोजे काढता येत असतील तर काढून पाय धुवावेत, डॉक्टरांनी काढू नका सांगितलेल्या पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. बारकावे मौलानांना विचारले.

लेझर झाले त्या संध्याकाळी ती वाड्याचा जिना स्वतः चढली आणि मगरिबची नमाज खुर्चीवर बसून पढली. शिरा बसल्या आहेत. घोट्याचा काळा डाग मात्र तसाच आहे, आणि तो पूर्ण जाईलच असे नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला आधीच सांगून ठेवले होते.