औषध देणाऱ्या झाडाचा जीव

स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाला ‘पॅक्लिटॅक्सेल’ द्यायचे असते, तेव्हा वॉर्डात आधी बरीच तयारी चालते. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जी रोखणारी इंजेक्शने अगोदर दिली जातात. हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते बहुधा एरंडेलापासून तयार केलेल्या द्रावकात मिसळलेले असते आणि त्या द्रावकाची काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी येते. मग सुमारे तीन तास औषध थेंबाथेंबाने शिरेत जाते. पुढे केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात; पण अनेकांचे आयुष्यही वाढते. सलाइनच्या स्टँडला टांगलेली ती बाटली मुळात एका झाडाच्या सालीतून आली आहे, हे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसते.

ते झाड म्हणजे यू. हा सूचिपर्णी वृक्ष, पण त्याला देवदार किंवा चीडसारखे शंकू लागत नाहीत. बीभोवती लालभडक, गरदार कवच येते. त्याच्या कुळाचे जीवाश्म डायनोसॉरच्या काळातल्या खडकांत सापडतात. स्कॉटलंडमधील फोर्टिंगल गावातल्या यूचा घेर अठराव्या शतकात १५ मीटरहून अधिक भरला होता. या झाडाचे खोड वयाबरोबर आतून पोकळ होते, त्यामुळे वर्तुळे मोजून वय काढता येत नाही. तरी ते किमान दोन हजार वर्षांचे असावे, असा अंदाज आहे. यूमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फोर्टिंगलचे झाड नर मानले जाई. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीला लाल फळे आलेली दिसली आणि शास्त्रज्ञही चकित झाले.

औषधाची गोष्ट १९६२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. कर्करोगावर उपयोगी वनस्पती शोधण्याच्या सरकारी मोहिमेत आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी हे झाड कुचकामी होते. मोठी झाडे तोडून झाली की ते उरल्यासुरल्या काटक्यांबरोबर जाळून टाकत. त्या सालीतला गुणकारी घटक वेगळा काढला मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९७१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या रेणूची रचना प्रसिद्ध केली.

हा रेणू काम कसे करतो, हे १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नलिकांची जणू परांची उभी राहते. गुणसूत्रांची वाटणी झाली की ती उतरवावी लागते. तोवर माहीत असलेली काही औषधे ही परांची उभीच राहू देत नसत. हे औषध ती उतरू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून केस जातात. मज्जातंतूंमधली वाहतूक याच नलिकांवरून चालते, म्हणून मुंग्या येतात.

अडचण होती ती पुरवठ्याची. सुरुवातीला १२ किलो वाळलेल्या सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम औषध निघाले होते. एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराला सुमारे दोन ग्रॅम लागते. पद्धती सुधारल्या, तरी एका रुग्णामागे अनेक झाडे हा हिशेब सुटेना. साल सगळीकडून सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरते. शिवाय हे झाड अतिशय सावकाश वाढते. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी पॅसिफिक यूच्या रक्षणासाठी अमेरिकेला स्वतंत्र कायदा करावा लागला. एका बाजूला रुग्णांचे नातेवाईक, दुसऱ्या बाजूला जुनी जंगले, आणि दोघांचीही बाजू खरी, असा तो पेच होता.

तो सोडवला पानांनी. फ्रान्समध्ये पियरे पोतिए यांना युरोपीय यूच्या पानांत या औषधाचा जवळचा नातेवाईक असलेला रेणू भरपूर सापडला. प्रयोगशाळेत त्यावर काही रासायनिक प्रक्रिया केल्या की औषध तयार होते. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी ही पद्धत आणखी सुधारली. पाने पुन्हा फुटतात, झाड जगते. पुढे यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढण्याचेही तंत्र आले.

हिमालयातले यूचे भावंड मात्र इतके नशीबवान ठरले नाही. गढवालमध्ये त्याला ‘थुनेर’ म्हणतात. औषधाची मागणी वाढली तशी त्याची पाने आणि साल बेसुमार ओरबाडली गेली. पाने पुन्हा फुटतात हे खरे, पण फांद्याच छाटल्या तर फुटणार कोठून? १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे; तरी आज ते संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्याचे बी रुजायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून अल्मोड्याजवळच्या गोविंद बल्लभ पंत हिमालयीन पर्यावरण संस्थेतील शास्त्रज्ञांनी फांद्यांच्या कलमांना मुळे फुटवून रोपे तयार करण्याची पद्धत बसवली.

एक इशारा येथे गरजेचा आहे. यूच्या पानांत आणि बियांत ‘टॅक्सिन’ नावाचे विषही असते. ते हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकते. त्यामुळे ‘कर्करोगावर गुणकारी’ म्हणून या झाडाचा पाला, चहा किंवा काढा कोणी देऊ केला, तर तो घेऊ नये. शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषध वेगळे आणि पाला वेगळा.

औषध आता टाक्यांत आणि लागवडीच्या पानांतून मिळते, मग जंगलातले यू कशाला जपायचे, असे कोणी विचारेल. प्रत्येक झाडात औषधी घटकाचे प्रमाण निराळे असते. लागवडीसाठी उत्तम वाण निवडायचा तर जंगलात निवडीला वाव हवा. आणि १९६२ मध्ये बार्कले जंगलात गेले, तेव्हा जाळून टाकण्यापलीकडे या झाडाची किंमत कोणी केलेली नव्हती. ते तेथे उभे होते, म्हणूनच त्याची साल प्रयोगशाळेत पोहोचली आणि पुढे रुग्णाच्या खाटेपाशी.