अपडेट मारू की राहू दे?

रात्रीचे साडेदहा. जेवणं उरकलीत, मालिका संपत आलीय आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक चौकट उगवते: अपडेट तयार आहेत, मशीन रीस्टार्ट करा. घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, "मारून टाका ना, पप्पा." वडील म्हणतात, "अरे, चाललंय ना नीट? मग कशाला काडी घालायची?" हा वाद नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये होतो तसाच पारनेरकडच्या वस्तीवरही होतो. दोघांच्याही बाजूने भक्कम साक्षीदार आहेत, म्हणून हा सगळा मसाला.

साडेदहा ही वेळ उगाच नाही धरली. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या सोडायला महिन्याचा दुसरा मंगळवार पक्का केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की माल सुटतो. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा असतात, थंडीत साडेअकरा. घड्याळ आपलं बदलत नाही, तिकडचे लोक तासभर मागेपुढे करतात. आणि बुधवार? तो चोरांचा. दुरुस्ती उघडून पाहिली की ठिगळ कुठे लागलं ते कळतं, म्हणजे आधी कुठे फाटलं होतं तेही कळतं. ज्यांनी अजून ठिगळ लावलेलं नाही त्यांची घरं मग शोधायची. या दिवसाला संगणकवाल्यांनी ‘एक्स्प्लॉइट वेनस्डे’ असं नावही देऊन टाकलंय.

ठिगळ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. संगणकाचे हुकूम पूर्वी कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. भोक चुकलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, म्हणजेच ‘पॅच’. हार्वर्ड मार्क-१ या यंत्राची अशी ठिगळं लावलेली पट्टी अमेरिकेच्या संग्रहालयात जपून ठेवलीय. आपल्या आज्यांच्या गोधड्या कुणी तशा ठेवल्या नाहीत, हा भाग वेगळा.

कुलूप नसलेलं गाव

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर घरांना दार-कुलूप नसलेलं गाव म्हणून जगाला माहीत आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे ‘कुलूप नसलेली’ शाखा उघडली तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. पण बारकावा ऐका. शाखेला काचेचं दार होतं आणि त्या दाराला सहज नजरेत न येणारं विद्युतचुंबकीय लॉक. श्रद्धा दर्शनी भागात, बंदोबस्त आतून. सुरक्षेचं अपडेट नेमकं असंच असतं. मारल्यावर पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून वडील विचारतात, "मग केलं काय त्यानं अर्धा तास?"

केलं काय, ते मे २०१७ मध्ये कळलं. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने १२ मे रोजी दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलेलं होतं. मध्ये ५९ दिवस! ‘नंतर आठवण करा’ हे बटण ५९ दिवस दाबणारे किती असावेत याचा अंदाज त्या दिवशी जगाला आला. कॅस्परस्की कंपनीच्या हिशोबाने बाधित मशिनींपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ वर होत्या. हा हल्ला रोखला तो मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाने. विषाणूच्या पोटात दडलेला एक वेबपत्ता त्याने १० डॉलर ६९ सेंटला नोंदवला आणि विषाणू जागीच थंडावला.

मुलाला एक गुण.

वडिलांचे साक्षीदार

आता पुढच्याच महिन्यात या. २७ जून २०१७. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, अचानक आंधळं झालं. कुठला कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलाय, हे सांगणारी यंत्रणाच बसली. नगर-नाशिकचा कांदा आणि डाळिंबं परदेशी निघतात ती बरीचशी याच बंदरातून. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची, आणि ‘नॉटपेट्या’ नावाच्या विषाणूने मर्स्कलाच जगभर आडवं केलं होतं. हा विषाणू आला कुठून? युक्रेनमध्ये कर भरायला वापरतात त्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! चोरांनी अपडेट पाठवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट मारलं, त्यांनीच दार उघडलं. एकदा आत शिरल्यावर तो जुन्या भगदाडातून आणि चोरलेल्या पासवर्डांवरून मशीनमागून मशीन खात गेला.

या गोष्टीचं शेपूट नगरकरांनी जरूर ऐकावं. कोण कर्मचारी, कुणाला काय उघडायची मुभा, याची वही सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच मेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानाचा. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती! इंटरनेट एवढं सावकाश की ती वही ऑनलाइन पाठवता येईना. घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, म्हणून तो डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला आणि तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं. लोडशेडिंगचा एवढा मोठा उपकार आपल्याकडे तरी कुणावर झालेला ऐकिवात नाही.

वडिलांचा दुसरा साक्षीदार ताजा आहे. १९ जुलै २०२४, आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झालेले. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक फाइल सोडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. या ७८ मिनिटांत ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडल्या. आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कारण काय, तर नव्या साच्यात रकाने २१ होते आणि माहिती पुरवली जात होती २० रकान्यांची. एकविसावा वाचायला गेलं आणि यंत्रणा कोसळली. मात्र घरचे कॉम्प्युटर जवळपास सगळे सुखरूप राहिले, कारण हे सॉफ्टवेअर कंपन्याच विकत घेतात. आणि हे विंडोजचं अपडेट नव्हतंच. त्यामुळे वडिलांना इथे अर्धाच गुण.

उरलेला अर्धा त्यांनी २०१८ मध्येच कमावला होता. विंडोज १० ची नवी आवृत्ती नेमकी गांधी जयंतीला, २ ऑक्टोबरला आली. काही लोकांनी ती घातली आणि त्यांच्या फोल्डरमधले फोटो-कागदपत्रं गायब! चार दिवसांनी कंपनीने ती मागे घेतली आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा सोडली. इथे एक फरक ध्यानात येतो. दर महिन्याचं सुरक्षेचं ठिगळ वेगळं आणि वर्षातून एकदा येणारी नवी कोरी गोधडी वेगळी. माझ्यापुरता मी नियम केलाय: ठिगळ त्याच आठवड्यात, गोधडी मात्र दुसऱ्यांनी पांघरून पाहिल्यावर. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. नवी आवृत्ती नाही पटली तर दहा दिवसांत जुनीवर परतताही येतं, फक्त तो दहावा दिवस लोकांना अकराव्या दिवशी आठवतो.

लाइट, डेटा आणि तीस टक्के

अपडेटच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांखाली लिहिलेलं असतं: कॉम्प्युटर बंद करू नका. हे वाक्य लिहिणारा वस्तीवर राहिलेला नसावा. तीस टक्क्यांवर गाडी आली की डीपीवर काहीतरी फट्‌ होतं. तरी घाबरायचं नाही. बहुतेक वेळा विंडोज अर्धवट काम उलटं फिरवून जुन्या ठिकाणी परत येतं. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, तो अपडेट पुरं करायला नसून मशीन नीट बंद करायला असतो. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावून बसावं.

दुसरं दुखणं डेटाचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर जोडला की रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक अपडेट एका घासात गिळतं. यावर सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाची कळ आहे. ती दाबली की विंडोज बहुतेक मोठी डाउनलोड थांबवून ठेवतं. मग नगरला बहिणीकडे ब्रॉडबँड आहे ना? दिवाळीला जाताना लॅपटॉप सोबत न्या.

अपडेटने दिलेली अक्षरं

आता मराठी माणसाला अपडेटचे कोणते उपकार मानायला हवेत, ते. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. आराखडा डी. उदयकुमार यांचा. पण कॉम्प्युटरला ते कुठे माहीत होतं? मंगळुरूच्या फोराडियन कंपनीने झटपट एक फॉन्ट काढला. त्यात कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या उलट्या टिंबाच्या जागी ₹ बसवलं होतं. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला किंमत दिसायची ‘`५००’ अशी. मग ऑक्टोबरमध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीने, चिन्हाला घर दिलं आणि मे २०११ मध्ये विंडोज ७ ला अपडेट आलं. तुम्ही बिलावर ₹ पाहता ती एका ठिगळाची कृपा.

त्याहून खास आपलं अक्षर म्हणजे ‘ॲ’. ॲप, ॲसिड, ॲडमिशन. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. जुन्या फॉन्टवर त्याजागी चौकोनी डबा दिसायचा, म्हणून कित्येकांनी ‘अ‍ॅ’ जोडून जोडून दिवस काढले. म्हणजे ‘ॲप अपडेट करा’ हे वाक्य वाचायलाही आधी अपडेट लागत होतं!

आणि तरीही मराठीतच अपडेटविरोधाचा सर्वांत जिद्दी बालेकिल्ला आहे: डीटीपीची दुकानं. लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, दशक्रियेच्या जाहिराती. तिथे एक जुनी मशीन असते, तिच्यावर पेजमेकर. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि मागे खोचलेला डोंगल. पेजमेकरला युनिकोड मराठी समजत नाही आणि नव्या विंडोजला तो डोंगल ओळखता येईलच असं नाही. ऐन लग्नसराईत हा संसार मोडायला कोण धजेल? मला तो ऑपरेटर अडाणी वाटत नाही. त्याचं गणित चोख आहे. फक्त त्या मशीनचं इंटरनेट काढून टाकावं आणि फाइली पेनड्राइव्हने न्याव्यात. पेनड्राइव्ह मात्र आधी तपासून, नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोटोंबरोबर त्याचे विषाणूही छापायला येतात.

ज्यांच्या घरी विंडोज १० आहे त्यांची कथा अशीच अडलेली. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी. दिवसही कोणता? दुसरा मंगळवार. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट मशीनसुद्धा एका रात्रीत म्हातारी ठरली. पण भंगारात काढण्याआधी हे पाहा: घरगुती ग्राहकांना सुरक्षेची ठिगळं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकटात.

सर्वांत जुनं अपडेट

नगर जिल्ह्यातलं सर्वांत जुनं अपडेट नेवाशाचं. ज्ञानेश्वरी तिथे खांबाला टेकून सांगितली गेली ती १२९० मध्ये. नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडले, कुणी आपल्या ओव्याही घुसडल्या. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये, असा सज्जड दमही शेवटी भरला. २९४ वर्षांनी आलेली दुरुस्ती! पण जुनी आवृत्तीच बरी म्हणणारे तिथेही भेटतात. एकनाथांच्या आधीचा पाठ म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि पंडितांना वादाला आणखी एक विषय मिळाला.

जिल्ह्याच्या नावाचंही (अहमदनगरचं अहिल्यानगर) अपडेट टप्प्याटप्प्याने आलं, अगदी विंडोजसारखं. घोषणा ३१ मे २०२३ रोजी चोंडीला, मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०२४ मध्ये, अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि रेल्वे स्थानकाच्या नावाची पाळी आली सप्टेंबर २०२५ मध्ये. गाड्यांवरचं एमएच-१६ आणि पिनकोडातलं ४१४००१ मात्र जसंच्या तसं. आणि बोलताना? क्षेत्रफळाने राज्यातल्या या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात आधीही लोक ‘नगरला चाललोय’ म्हणायचे आणि आताही तेच म्हणतात. जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांवर बिनतक्रार चालतं ते हेच.

शेवटची एक गंमत, वडिलांना आणि मुलाला दोघांनाही पटणारी. विंडोजच्या मेनूत ‘अपडेट करा आणि बंद करा’ असा पर्याय असतो. कित्येक वर्षं लोक तो दाबून झोपायला जायचे आणि सकाळी मशीन चालूच सापडायची. घरात मुलावर आळ यायचा. दोष विंडोजचाच होता, आणि त्याची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आली. ती मिळवायची कशी? अपडेट मारा, आणि मशीन रीस्टार्ट होईपर्यंत जागे राहा.