गांवच्या संस्थेचा चालू खर्च

पुण्याहून साताऱ्याकडे मोटारीनें जातांना कात्रजचा डोंगर ओलांडला, खेड-शिवापूर, नसरापूर आणि कापूरहोळ मागें पडलें, कीं भोर तालुक्यांतील किकवी लागते. पुढें थोड्याच अंतरावर नीरा नदी, आणि पलीकडे सातारा जिल्ह्यांतलें शिरवळ. श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांनीं हें गांव अनेकदां ओलांडलें असेल. थांबणें झालें असेल तर तें चहापुरतें. या रस्त्याच्या दोन्ही टोंकांना महाराष्ट्रांतील दोन थोर संस्था लोकांच्या वर्गणीवर वाढल्या. मधल्या टप्प्यावरील गांवांत मात्र आज जीं लहान लहान मंडळें काम करितात, त्यांनीं मदत मागावी कशी आणि शहरांतल्या गृहस्थानें ती द्यावी कशी, हा प्रश्न तितकासा सुटलेला नाहीं. त्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

पुण्याच्या टोंकाला अण्णासाहेब कर्वे. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्यें आश्रम हिंगण्यास एका झोपडींत नेला. पुढें १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें, आणि त्याला सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लक्ष रुपयांची देणगी मिळाली. लोकांच्या ध्यानांत राहिले ते हे १५ लक्ष. मला त्याहून बोधप्रद वाटते ती नंतरची हकीकत. १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, ज्या खेड्यांत शाळाच नाहीं तेथें ती काढावी म्हणून अण्णांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ उभें केलें, आणि जगप्रसिद्ध झालेला हा वृद्ध पुन्हां दारोदार लहान वर्गण्या मागत हिंडूं लागला. खेड्यांतल्या शाळेला देवळाची ओसरीसुद्धां चालते; शिक्षकाला मात्र दरमहा पगार द्यावा लागतो. आणि पगारावर कोणाच्या नांवाची संगमरवरी पाटी बसवितां येत नाहीं!

साताऱ्याच्या टोंकाला कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्यें कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह सुरू झालें. निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवूं लागलीं, आणि त्यांच्या जेवणापायीं लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले. शेवटीं मंगळसूत्रही गेलें. ही गोष्ट त्यागाचा आदर्श म्हणून आपण ऐकत आलों आहों, आणि तें योग्यच आहे. पण जमाखर्चाच्या दृष्टीनें पाहिली तर ती आणखी कांहीं सांगते. संस्थेपाशीं ध्येय होतें, विद्यार्थी होते, नांवही होऊं लागलें होतें; नव्हतें तें त्या दिवशींचें धान्य.

आपल्या जुन्या लोकांनीं याच अडचणीवर उपाय काढला होता. गृहिणीनें दळण किंवा स्वयंपाक करण्यापूर्वीं मूठभर धान्य निराळ्या मडक्यांत टाकावें आणि महिना-पंधरवड्यानें संस्थेच्या माणसानें तें घेऊन जावें, याला मुष्टिफंड म्हणत. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड त्याच जातीचा. माणशीं वर्षाला एक पैसा, आणि त्यांतून तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. मूठ लहान असे. पण ती पुन्हां येणार, हें ठाऊक असे. मंडळाच्या चिटणिसाला पुढल्या महिन्याचा बेत करतां येत असे.

आज ही मूठ अगदींच नाहींशी झालेली नाहीं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनें शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यांत, म्हणजे किकवीच्या शेजारच्याच मुलखांत, स्त्रियांचे बचत गट उभे करण्याचें मोठें काम केलें आहे. गटांतली प्रत्येक बाई दरमहा ठरलेली रक्कम टाकते, अडल्या बाईला त्यांतून कर्ज मिळतें, आणि हिशेब सर्वांच्या देखत वाचला जातो. मडक्याच्या जागीं पासबुक आलें, एवढेंच.

अडचण येते ती गांवाबाहेरची मदत घ्यावयाची म्हटली म्हणजे. समजा, किकवीच्या आसपासच्या एखाद्या मंडळानें मुलांसाठीं अभ्यासिका चालविली आहे. खोली ग्रामपंचायतीची, पुस्तकें दानांत आलेलीं. खर्च कसला? विजेचें बिल, संध्याकाळीं दार उघडून बसणाऱ्या तरुणाचें मानधन, आणि पावसाळ्यांत गळणारे पत्रे. बाहेरून देणगी घेण्यासाठीं मंडळाची नोंदणी हवी: १८६० च्या कायद्याप्रमाणें निदान सात सभासद, आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. विश्वस्त बदलला कीं ९० दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा. गांवचीं मंडळें येथेंच अडखळतात. कामकरी माणसें निराळीं आणि कागदावर मात्र कधींचे दिवंगत झालेले विश्वस्त, असा प्रकार होऊन बसतो. प्राप्तिकराच्या सवलतीसाठीं लागणारी मान्यताही २०२१ पासून कायमची राहिलेली नाहीं. दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते.

उद्योगधंद्यांची मदत दिसते जवळ, पण मिळते दुरून. शिरवळ आणि खेड-शिवापूर या दोन्ही बाजूंना कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणें भाग पाडलें, आणि जवळच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावें असेंही सांगितलें. परंतु असें काम हातीं घेणाऱ्या संस्थेला २०२१ पासून केंद्र सरकारकडे आणखी एक नोंद करावी लागते. पैशाचा गैरव्यवहार होऊं नये म्हणून हे निर्बंध आहेत, आणि ते नसावेत असें मी म्हणणार नाहीं. मात्र त्यांचा परिणाम असा, कीं ज्या संस्थेपाशीं पगारी लेखापाल आहे तिला मदत सुलभ, आणि जी अभ्यासिकेचें दार रोज उघडते तिला दुर्लभ. तालुक्याच्या गांवीं आठ-दहा मंडळांनीं मिळून एक जाणता लेखापाल धरावा, हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो. ज्या पुणेकरांना हिशेबाचें ज्ञान आहे त्यांनीं वर्षांतले चार रविवार त्यासाठीं दिले, तर ती देणगी रोख रकमेहून मोलाची ठरेल.

आतां देणाऱ्याविषयीं. जून महिना आला कीं शहरांतून वह्यांचे गठ्ठे घेऊन मोटारी निघतात. हेतु उत्तम, पण मोटार थांबते ती सडकेवरच्या शाळेपाशीं. एकाच मुलाला तीन ठिकाणांहून वह्या मिळतात आणि वेल्ह्याच्या डोंगरांतल्या वाडीवरचा मुलगा कोराच राहतो. निघण्यापूर्वीं स्थानिक मंडळाला एक पत्र टाकावें, किंवा दूरध्वनीवर विचारावें, इतकें कोणालाही जमण्यासारखें आहे.

प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरील देणगी रोखीनें देऊं नये. आणि नव्या करपद्धतीचा स्वीकार ज्यांनीं केला आहे त्यांना सामान्य देणगीवर ही सवलत मिळतच नाहीं, हेंही ठाऊक असावें. संस्थेचें विनंतिपत्र हातीं आलें म्हणजे तीन गोष्टी विचाराव्या: गेल्या सालचा तपासलेला जमाखर्च आहे काय, विजेचें बिल आजवर कोण भरीत आलें, आणि गांवांतून स्वतःची वर्गणी किती जमली. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर शंभर रुपये असलें तरी चालेल. चिटणिसानें वर्गणीची वही काढून दाखविली, तर तींतच, गांवकऱ्यांच्या नांवांखालीं, दरमहाच्या रकान्यांत आपलें नांव मांडावयास सांगावें.