लाल कार्ड आणि चित्रफितीची साक्ष

पुणे जिल्ह्यात, बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, दि. ३० जानेवारी २०२२ रोजी आशियाई महिला फुटबॉल चषकाचा एक उपउपांत्य सामना ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरिया ह्या संघांत झाला. पूर्वार्धात कोरियाला जी पेनल्टी मिळाली, ती मैदानाबाहेर बसून चित्रफीत पाहणाऱ्या साहाय्यक पंचांच्या सूचनेवरून झालेल्या फेरतपासणीतून मिळाली. चो सो-ह्युन हिने चेंडू गोलाच्या वरून मारून ती संधी गमावली. तथापि अखेरच्या काही मिनिटांत जी सो-युन हिच्या गोलाने कोरियाने सामना १-० असा जिंकला. यजमान भारताचा संघ त्यापूर्वीच स्पर्धेबाहेर पडला होता. साथीच्या रोगाची बाधा अनेक खेळाडूंना झाल्यामुळे २३ जानेवारीचा चिनी तैपेईविरुद्धचा सामना होऊ शकला नाही, आणि भारताचे सर्व सामने रद्द समजले गेले. त्यामुळे नव्या निर्णयपद्धतीचा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, परंतु भारतीय खेळाडूंच्या वाट्याला तो आला नाही.

बालेवाडीच्या त्या निर्णयात पेनल्टीचा प्रश्न होता. लाल कार्डाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पेनल्टीने गोलाची संधी मिळते, आणि ती वायाही जाऊ शकते, हे वरील सामन्यातच दिसले. लाल कार्डाने मात्र खेळाडू मैदानाबाहेर जाते, तिचा संघ उर्वरित वेळ दहाजणींनिशी खेळतो, आणि पुढील एक वा अधिक सामने तिला मुकावे लागते. म्हणजे लाल कार्ड ही व्यक्तीला दिलेली शिक्षा आहे. शिक्षा म्हटली की अपराधाचे स्वरूप, त्याचे प्रमाण आणि पुरावा हे तीनही प्रश्न उपस्थित होतात. चित्रफितीने ह्यांपैकी नेमका कोणता प्रश्न सुटतो, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पिवळे व लाल कार्ड विश्वचषकात प्रथम १९७० मध्ये मेक्सिको येथे वापरात आले. त्यांची कल्पना इंग्लंडचे पंच केन ॲस्टन ह्यांची. पंचांचा शब्द अंतिम, हे तत्त्व त्यानंतरही जवळजवळ अर्धशतक अबाधित राहिले. फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१६ मध्ये चित्रफितीच्या साहाय्याचे प्रयोग करण्यास अनुमती दिली आणि मार्च २०१८ मध्ये ती पद्धती नियमावलीत समाविष्ट केली. स्त्रियांच्या विश्वचषकात ती २०१९ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम आली. तेथील एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे : मैदानावरील पंच स्त्रिया होत्या, परंतु चित्रफितीच्या दालनातील मुख्य साहाय्यक पंच पुरुष होते, कारण ह्या कामाचे पुरेसे शिक्षण घेतलेल्या स्त्रिया तोवर तयार झालेल्या नव्हत्या. २०२३ च्या विश्वचषकात ह्या दालनात मुख्य साहाय्यक पंच म्हणून स्त्रिया प्रथमच बसल्या. भारताकडे पाहता, गोव्याच्या उवेना फर्नांडिस ह्यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथे झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले होते. परंतु ते झेंड्याचे आणि नजरेचे काम होते.

२०१८ च्या नियमावलीनुसार ही पद्धती मोजक्याच बाबतीत हस्तक्षेप करीत असे : गोल, पेनल्टी, थेट दाखविलेले वा दाखवावयास हवे असलेले लाल कार्ड, आणि एकीच्या अपराधाबद्दल दुसरीस दिलेली शिक्षा. त्यांतही ‘स्पष्ट व उघड चूक’ किंवा पंचांच्या नजरेतून पूर्णपणे सुटलेली गंभीर घटना असेल, तरच दालनातून सूचना जाते. विधिशास्त्राच्या अभ्यासकास हे शब्द परिचित वाटतील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सत्तेचाळिसाव्या आदेशान्वये न्यायालय स्वतःच्याच निर्णयाचे पुनर्विलोकन करू शकते, आणि त्याच्या आधारांपैकी एक म्हणजे अभिलेखावरून उघड दिसणारी चूक. हे अपील नव्हे. अपिलात वरिष्ठ न्यायालय प्रकरण पुन्हा तपासते व स्वतःचे मत देते. फुटबॉलमध्ये दालनातील साहाय्यकास स्वतःचे मत लादण्याचा अधिकार नाही. लाल कार्डासारख्या, मतावर अवलंबून असणाऱ्या बाबीत तो पंचांना मैदानाच्या कडेच्या पडद्याकडे बोलावतो, आणि मूळ पंचच निर्णय कायम ठेवतात वा बदलतात.

साम्य येथवर ठीक आहे. पण न्यायालयापुढील अभिलेख निर्णयापूर्वीच सिद्ध झालेला असतो. निर्णय त्याच्याच आधारे दिलेला असतो. फुटबॉलच्या पंचांचा पहिला निर्णय डोळ्यांनी पाहिलेल्या क्षणावर आधारलेला असतो, आणि पुनर्विलोकनाच्या वेळी त्यांच्यापुढे ठेवला जाणारा अभिलेख सर्वस्वी निराळा, कॅमेऱ्यांनी तयार केलेला असतो. तो दुसऱ्या कोनातून घेतलेला असतो. त्याचा वेग बदलता येतो. तो थांबवताही येतो.

येथे बाराव्या नियमाची भाषा पाहणे अवश्य आहे. प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेस धोका पोहोचविणारी, अथवा अवाजवी बळाने वा क्रूरपणे केलेली चढाई हा ‘गंभीर फाउल’ होय, आणि त्यास लाल कार्ड आहे. केवळ निष्काळजी चढाईस कार्ड नाही. बेदरकार चढाईस पिवळे कार्ड आहे. निष्काळजी, बेदरकार आणि अवाजवी बळाची ही पायरी दर पावलाला प्रमाणाची आहे. चेंडूसाठी झुंजताना घडलेला अपराध आणि चेंडूशी संबंध नसताना केलेली मारहाण हाही भेद नियमात आहे. दुसऱ्या प्रकारास ‘हिंसक वर्तन’ म्हणतात, आणि तेथे प्रमाणाच्या मोजमापास फारसा वाव उरत नाही. गोलाची उघड संधी अवैधपणे नाकारणे हा आणखी एक निराळा अपराध. तेथे अंतर, दिशा, चेंडूवरील ताबा, बचाव करणाऱ्यांची जागा अशा गोष्टी मोजावयाच्या असतात. बळाचा प्रश्न गौण असतो.

तात्पर्य असे की, लाल कार्डास पात्र असलेल्या अपराधांत दोन जाती आहेत : काहींचा निवाडा वस्तुस्थितीवर होतो, काहींचा प्रमाणावर. चित्रफीत पहिल्या जातीची उत्तम साक्षीदार आहे. दुसऱ्या जातीत तिची साक्ष तपासूनच घ्यावी लागते. नियमकर्त्यांनाही हे ठाऊक आहे. कारण मंद गतीचे चित्र केवळ वस्तुस्थितीसाठी, म्हणजे खेळाडूची जागा, स्पर्शाचा बिंदू इत्यादींसाठी वापरावे, आणि फाउलची तीव्रता ठरविताना नेहमीच्या गतीचे चित्र पाहावे, असे त्यांच्या संहितेतच सांगितलेले आहे.

ह्या सावधगिरीस प्रायोगिक आधार आहे. यूजीन करुसो, झॅकरी बर्न्स व बेंजामिन कॉन्व्हर्स ह्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मंद गतीने दाखविलेली कृती पाहणाऱ्यांना अधिक हेतुपुरस्सर वाटते, असे आढळले. कारण कर्त्यास विचार करावयास वेळ होता असा भास होतो. बेल्जियममधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातील ८८ उच्चश्रेणीच्या पंचांना फाउलची चित्रे दोन्ही गतींनी दाखविली. फाउल झाला की नाही हे ओळखण्यात विशेष फरक पडला नाही. शिक्षा मात्र मंद गतीच्या चित्रावरून अधिक कठोर झाली. अर्थात् चित्र खोटे बोलत नाही. पण एका क्षणाचे दोन-तीन क्षण केले की अपघातासही योजनेचे रूप येते.

आता प्रत्यक्ष प्रकरणे पाहू जाता, २०२३ च्या विश्वचषकातील दोन लाल कार्डे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. दि. २१ जुलै रोजी मेलबर्न येथे नायजेरिया व कॅनडा ह्यांच्या सामन्याच्या जादा मिनिटांत डेबोरा अबियोदुन हिने चेंडूसाठी झेप घेतली आणि तिचा पाय ॲश्ली लॉरेन्स हिच्या पायावर पडला. पंचांनी पिवळे कार्ड दाखविले; पडदा पाहिल्यावर ते लाल झाले. दि. ७ ऑगस्ट रोजी ब्रिस्बेन येथे इंग्लंडच्या लॉरेन जेम्स हिने नायजेरियाच्या मिशेल अलोझी हिला पाडले, आणि उठताना तिच्या अंगावर पाय दिला. होंडुरासच्या पंच मेलिसा बोर्हास ह्यांनी येथेही प्रथम पिवळे कार्ड दाखविले होते. चित्रफीत पाहून त्यांनी लाल दाखविले. इंग्लंडने तो सामना गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्ट्यांवर ४-२ असा जिंकला.

बाह्यतः दोन्ही प्रकरणे सारखी दिसतात. पिवळ्याचे लाल झाले, पायावर वा अंगावर पाय पडला. परंतु पुराव्याच्या दृष्टीने ती परस्परांहून फार भिन्न आहेत. जेम्सच्या कृतीत झुंज संपलेली होती. पाय दिला की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही गतीचे चित्र देऊ शकत होते. अबियोदुनच्या कृतीत झुंज चालू होती. बुटाचा तळ कोठे टेकला हे चित्राने निश्चित होते. परंतु किती बळाने टेकला, झेप आवरण्याजोगी होती काय, हे थांबविलेल्या चित्रातून निघत नाही. स्पर्शाचा बिंदू म्हणजे बळ नव्हे. ह्यावरून तो निर्णय चुकला असे ठरत नाही. नियमात सुरक्षिततेस धोका हाही निकष आहे, आणि त्या कसोटीवर लाल कार्डाचे समर्थन करता येते. लक्षात घ्यावयाचे ते हे की, दोहोंत अधिक निःसंशय पुरावा जेम्सविरुद्ध होता, आणि तिला पुढील दोन सामन्यांची बंदी झाली; अबियोदुनला तीन सामन्यांची. जेम्स अंतिम सामन्यासाठी उपलब्ध झाली. अबियोदुनचा विश्वचषक पहिल्याच सामन्यात संपला, कारण तिचा संघ त्यानंतर तीनच सामने खेळला. पुराव्याची तपासणी इतकी सूक्ष्म व्हावी आणि शिक्षेच्या प्रमाणाची कारणमीमांसा प्रेक्षकांस मिळू नये, हे ह्या पद्धतीचे उणे अंग म्हटले पाहिजे. त्याच विश्वचषकात पडदा पाहून आल्यावर पंच आपला निर्णय ध्वनिक्षेपकावरून जाहीर करू लागले, ही सुधारणा होय. तथापि ती घोषणा आहे, सकारण निर्णय नव्हे.

स्वित्झर्लंडमधील २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत ह्याच प्रश्नास वेगळे वळण मिळाले. दि. १९ जुलै रोजी बाझेल येथे फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात जर्मनीच्या कॅथ्रिन हेंड्रिच हिने गोलापुढील गर्दीत ग्रिएज एम्बॉक हिचे केस ओढले. चित्रफितीच्या आधारे तेराव्या मिनिटास लाल कार्ड आणि पेनल्टी दोन्ही आले; ग्रेस गेयोरो हिने गोल केला. जर्मनीने शंभराहून अधिक मिनिटे दहाजणींनिशी खेळून, १-१ अशा बरोबरीनंतर, पेनल्ट्यांवर ६-५ असा विजय मिळविला. केस ओढणे हा स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये विशेषकरून दिसणारा अपराध आहे. लांब केसांच्या वेणीमुळे तो घडण्यास सोपा आणि कॅमेऱ्यास पकडण्यास त्याहून सोपा. वास्तविक येथेही प्रमाण आहे : निसटता हात, क्षणभराची पकड, जोराचा हिसका. परंतु मुठीत केस दिसले की हिंसक वर्तन, असे समीकरण रूढ होऊ पाहते. म्हणजे प्रमाणाचा प्रश्न हळूहळू वस्तुस्थितीचा बनतो. जे चित्रात स्पष्ट दिसते ते गंभीर, आणि जे दिसत नाही ते क्षुल्लक, अशी प्रवृत्ती बळावण्याचा धोका त्यात आहे. वेणी दिसते, बरगडीत खुपसलेले कोपर गर्दीत लपून जाते.

उलटपक्षी, जे तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवले गेले त्याची गोष्टही थोडक्यात सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये लागू असलेल्या संहितेनुसार दुसऱ्या पिवळ्या कार्डातून निघालेल्या लाल कार्डाचे पुनर्विलोकन होत नसे. दि. २३ जुलै रोजी सिडनी येथे फ्रान्सविरुद्ध जमैकाची खदिजा शॉ अशाच रीतीने बाहेर गेली. शिक्षा तीच, दहाजणींचा संघ तोच, पुढील सामना गेला तोही तसाच. केवळ वाट दुसरी म्हणून पडद्याचे दार बंद. खेळ वारंवार थांबू नये, हे त्या मर्यादेचे कारण होते. व्यावहारिक दृष्ट्या ते समजण्याजोगे आहे. न्यायाच्या दृष्टीने त्याचे समर्थन अवघड आहे.

ह्या सर्व चर्चेत गृहीत आहे ते कॅमेऱ्यांचे अस्तित्व. बालेवाडी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, राजगड व तोरणा ह्या किल्ल्यांच्या परिसरात वेल्हे आहे. तेथील एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलींचा सामना खेळला गेला, तर बारावा नियम तोच असतो आणि लाल कार्डाचा रंगही तोच. फरक इतकाच की, तेथे पंच एकटे असतात, आणि त्यांचा सामन्यानंतरचा लेखी अहवाल हाच एकमेव अभिलेख असतो. वर सांगितलेल्या दोन जाती तेथे उलट्या क्रमाने कठीण होतात. चढाईचे बळ, तिचा आवाज, पडलेल्या मुलीची प्रतिक्रिया हे दहा पावलांवरील पंचांना पडद्यापेक्षा चांगले कळू शकते. पण पाठीमागे घडलेली मारहाण त्यांना कळण्याचा मार्गच नसतो.

खर्चाची ही दरी कमी करण्याचा एक प्रयत्न विश्वचषकाच्या पातळीवर स्त्रियांच्याच स्पर्धांतून सुरू झाला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. २०२४ मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ नावाची साधी पद्धती वापरली गेली. तीत स्वतंत्र दालन नसते. प्रशिक्षकास सामन्यात दोनदा तपासणीची मागणी करता येते. हवेत बोट फिरवून तो चौथ्या पंचांकडे मागणीचे कार्ड देतो, पंच स्वतः पडद्यापाशी जाऊन पाहतात, आणि निर्णय बदलल्यास ती मागणी खर्ची पडत नाही. सिद्धीचा भार येथे तक्रारदारावर येतो. स्वयंप्रेरणेने हस्तक्षेप करणारे स्वतंत्र दालन नसल्यामुळे, प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटलेली घटना सहसा तपासली जात नाही. आणि थोड्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रात एखादाच कोन उपलब्ध असतो. अशा चित्रावरून गोलाची संधी नाकारली गेली काय, किंवा अपराध नेमका कोणत्या खेळाडूचा, हे प्रश्न पुष्कळ अंशी सुटू शकतील. बळाचे प्रमाण मात्र एकाच कोनाच्या चित्रावरून ठरविण्यापेक्षा मैदानावरील पंचांच्या पहिल्या मतावर सोडणे अधिक सुरक्षित. जिल्हा पातळीवर ही पद्धती कधी आणावयाची झाल्यास, हा भेद तिच्या नियमांत आरंभीच लिहून ठेवता येईल.