अंडीं उबविण्याचा नाद व त्याचा हिशेब

अंड्यांतून पिलें काढण्याचा उद्योग वरवर पाहतां किरकोळ दिसतो. चार-पांच कोंबड्या, एक डालगें आणि एखादी खुडूक झालेली कोंबडी, इतक्या भांडवलावर तो आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु विजेवर चालणारीं लहान उबवणीयंत्रें घरोघर मिळूं लागल्यापासून ह्या उद्योगास नादाचें रूप येऊं लागलें आहे. असें यंत्र एकदां घरांत आलें म्हणजे तें रिकामें राहत नाहीं, ही गोष्ट आमच्या पाहण्यांत अनेक ठिकाणीं आली आहे. नाद वाईट नव्हे; पण तो हिशेबावांचून चालला तर पिलांचे हाल होतात व घरधन्यास खोट येते. सबब त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ह्या नादाची गोडी कशांत आहे तें प्रथम पाहूं. पिकाची वाट चार महिने पाहावी लागते, आंब्याच्या कलमाची कित्येक वर्षें. येथें अवघ्या २१ दिवसांत निकाल हातीं येतो, आणि मधले दिवसहि कोरडे जात नाहींत. सातव्या रात्रीं अंधाऱ्या खोलींत अंड्याच्या बोथट टोंकाशीं बॅटरीचा उजेड धरला म्हणजे आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा व त्यांत हालणारा काळा ठिपका दिसतो. ज्यानें तो एकदां पाहिला तो शेजाऱ्यास दाखविल्यावांचून राहत नाहीं. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवचाच्या आंतून चिवचिव ऐकूं येते, आणि लहानथोर मंडळी ताटावरून उठून यंत्राभोंवतीं जमतात. शिवाय प्रत्येक खेपेचा आंकडा निराळा. ४० अंड्यांतून १८ पिलें निघालीं, तर पुढील खेपेस अधिक निघतील अशी आशा लागते. आणि ३० निघालीं, तर आतां थांबावें कशाला असें वाटतें. येणेंप्रमाणें यश व अपयश हीं दोन्हीं पुन्हां अंडीं मांडावयास लावतात.

ही विद्या नवी नव्हे. इजिप्त देशांत मातीच्या भट्ट्यांतून हजारों अंडीं एकदम उबविण्याची पद्धति दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तेथील कारागीर उष्णतामापकावांचून, अंडें स्वतःच्या पापणीस लावून, उष्णता ओळखीत. फ्रान्समधील रेओम्यूर नांवाच्या शास्त्रज्ञानें १७४९ सालीं ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि ह्या सर्वांचा गुरु कोंबडीच होय. ती अंडीं पोटाखालीं घेऊन दिवसांतून अनेक वेळां फिरविते आणि दाणापाण्यापुरतीच उठते. यंत्रानेंहि तेंच करावयाचें असतें.

आतां कृति. दुकानांत मिळणारीं पोल्ट्रीचीं अंडीं ह्या कामीं निरुपयोगी होत, कारण त्या कोंबड्यांत नर ठेवीत नाहींत. आठ-दहा कोंबड्यांमागें एक जोमदार कोंबडा असलेल्या कळपांतील, सात दिवसांच्या आंतलीं, मध्यम आकाराचीं व न तडकलेलीं अंडीं घ्यावींत. तीं धुऊं नयेत. वरचा नैसर्गिक लेप निघून जातो. पंखा असलेल्या यंत्रांत उष्णता ९९.५ अंश फारेनहाईट राखावी. पहिले १८ दिवस हवेंतील ओलावा शेंकडा ५० ते ५५ ठेवावा व अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां फिरवावींत. न फिरविल्यास गर्भ पडद्यास चिकटतो. त्यानंतर फिरविणें बंद करून ओलावा शेंकडा ६५ ते ७० पर्यंत वाढवावा आणि झांकण उघडूं नये. नादी माणसाची खरी परीक्षा ह्या तीन दिवसांतच होते. पाहण्याच्या हौसेनें झांकण वरचेवर उघडलें तर ओली हवा निघून जाते, पडदा वाळतो आणि पिलूं आंतच अडकून मरतें. वीज गेल्यास यंत्रावर गोधडी घालावी व स्वस्थ बसावें. थोड्या वेळाच्या थंडीपेक्षां फाजील उष्णता गर्भास अधिक घातक असते.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. सबब प्रत्येक गोष्ट रकान्यांत मांडून पाहण्याची आम्हांस संवय आहे. ह्या कामाच्या वहींत पुढील रकाने असावेत : मांडलेलीं अंडीं, वांझ निघालेलीं, निघालेलीं पिलें, महिन्याअखेर जिवंत, त्यांपैकीं माद्या व नर, खाद्याचा खर्च, आणि विल्हेवाट. बहुतेक हौशी लोक तिसऱ्या रकान्यापर्यंत उत्साहानें लिहितात व पुढील रकाने कोरे सोडतात. समजा, ४० अंड्यांतून ३० पिलें निघालीं आणि यंत्र एक दिवसहि रिकामें ठेविलें नाहीं, तर वर्षांत १७ खेपा होऊन ५१० पिलें होतात. त्यांत ढोबळ मानानें निम्मे नर, म्हणजे सुमारें अडीचशें कोंबडे. यंत्राची टोपली भरते तितक्या सहज खुराडें मोठें होत नाहीं.

पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ९५ अंश ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ५ अंश कमी करावी. खालीं भाताचें तूस पसरावें. पिलें दिव्याखालीं गर्दी करूं लागलीं तर थंडी वाजते आहे, व दूर जाऊन धापा टाकूं लागलीं तर उष्णता फार झाली, असें समजावें. निरनिराळ्या वयाचीं पिलें एकत्र कोंडूं नयेत. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यांतच पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. येथें हयगय झाली तर नुकसान आपल्याच अंगणांत थांबत नाहीं. शेजारच्या भूमिहीन बाईच्या चार कोंबड्या म्हणजे तिच्या घरचें तेलमीठ होय. आपल्या हौसेपायीं तिचें खुराडें ओस पडावें, हा आपला अधिकार नव्हे.

राहिला नरांचा प्रश्न. अंड्यांसाठीं पाळावयाच्या जातींचे नर मोठ्या उबवणीगृहांतून पहिल्याच दिवशीं मारण्याची चाल आहे. जर्मनीनें ती २०२२ पासून कायद्यानें बंद केली. आपणांवर तसा कायदा नसला तरी अंडीं मांडण्यापूर्वीं विचार केलाच पाहिजे. देशी कोंबडा पांच महिन्यांत विकण्याजोगा होतो. माघाच्या आरंभीं मांडलेल्या खेपेंतील नर आखाडांत बाजारांत नेतां येतात. श्रावणांत मागणी मंदावते. ज्यांच्या घरीं हा व्यवहार चालत नाहीं, त्यांनीं नर कोण घेणार हें आधीं ठरवावें. न ठरल्यास अंडीं मांडूं नयेत.

आमच्या मतें सामान्य शेतकरी कुटुंबास वर्षांतून दोन-तीन खेपा पुरेशा आहेत. मधल्या काळांत यंत्र धुऊन उन्हांत वाळवावें, आणि शेजाऱ्यास हवें असल्यास एका खेपेपुरतें खुशाल द्यावें. मात्र त्याबरोबर वहीहि द्यावी.